सोन्याचे छप्पर आणि चाळीस मिनिटे

“इन्सब्रुक झाले का?” असे आमच्याकडे विचारतात. मुलाला गोवर झाला का, त्याच सुरात! आल्प्सच्या कुशीतले हे गाव मलाही एकदा ‘झाले’ होते. टूर मॅनेजरने बसमधून उतरवताना बजावले: चाळीस मिनिटे, सोनेरी छपरासमोर फोटो, की परत बस. त्याच सकाळी शहराबाहेरच्या एका दुकानात आम्हाला दोन तास दिले होते, हे जाता जाता सांगतो.

पुढे मुलाकडे म्युनिकला गेलो असता तेथून सुमारे दोन तासांच्या आगगाडीने त्याच गावी जाऊन आम्ही उभयता तीन रात्री राहिलो. आणि पहिल्या खेपेस आपण काय पाहिले होते ते कळून मला मनस्वी लाज वाटली.

ते छप्परच घ्या. सोन्याचा मुलामा दिलेली २,६०० हून अधिक तांब्याची कौले, १५०० सालची. ज्याने ते घडवले तो माक्सिमिलियन पुढे सम्राट झाला. खालच्या सज्जावर तो आपल्या दोन्ही बायकांसह कोरलेला आहे, एक तेव्हा दिवंगत आणि एक हयात. माझी पत्नी तेथे बराच वेळ उभी होती. ती काय म्हणाली ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. पण खरी गंमत पुढेच. हाच सम्राट १५१८ साली अखेरचा येथे आला, तेव्हा मागची बिले थकली म्हणून गावच्या खानावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला दारे बंद केली, असे सांगतात. छप्पर सोन्याचे, खाते उधारीचे!

तेथून चार पावलांवर होफकिर्खे हे चर्च आहे. सम्राटाच्या नातवाने ते आजोबांच्या समाधीसाठी बांधले. भोवती माणसापेक्षा उंच अशा ब्राँझच्या अठ्ठावीस मूर्ती पहारा देतात. ठरल्या होत्या चाळीस. आणि समाधी रिकामी! सम्राट पुरला आहे व्हीनर नॉयश्टाट येथे. त्याच देवळात मात्र आंद्रेआस होफर खरोखर विसावला आहे. १८०९ साली नेपोलियन आणि बव्हेरियाविरुद्ध टिरोलच्या शेतकऱ्यांना घेऊन तो उठला, १८१० साली मांतुआला गोळी घालून मारला गेला, आणि १८२३ साली त्याच्या अस्थी येथे आणल्या. हा होफर कोण? एक खानावळवाला! सम्राटाची कबर रिकामी आणि खानावळवाल्याची भरलेली, हे पाहायला मला दुसऱ्यांदा यावे लागले.

१७६५ सालच्या विजय-कमानीचेही तेच. एका अंगावर राजपुत्राच्या लग्नाचा आनंद, दुसऱ्या अंगावर त्याच सोहळ्यात अचानक वारलेल्या बापाचा शोक. बसच्या खिडकीतून आम्हाला एकच अंग दिसले होते.

आमच्या जथ्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले होते, “हयातभर पैसे साठवून निघतो, पुन्हा कोण येणार? सगळे पाहून घ्यावे.” या बोलण्याला मी हसणार नाही. दहा दिवसांची रजा, गुडघ्यांची दुखणी, परदेशात एकट्याने फिरण्याची धास्ती, सगळे खरे. सहलवाले रोज वरण-भात वाढतात, ते ऋणही मी मानतो. (टिरोलचा सुपात सोडलेला चीजचा गोळा चवीला बरा लागतो, पण रोज नव्हे.) पण मास्तर, पुन्हा येणे नाही म्हणूनच ना घास नीट चावायचा? येथे तर पान वाढले, मीठ-लिंबू आले, आणि तेवढ्यात “उठा, पुढची पंगत झुरिचला!” दहा पंगतींत बसून माणूस उपाशी परत येतो, आणि घरी फोटो दाखवताना हे कोणते गाव यावरून नवरा-बायकोत वाद होतो. आमच्यात झाला आहे.

दोष केवळ सहलवाल्यांचा नाही. ते आमचीच मागणी पुरवतात. दोन पत्रके हातात घेऊन कोणात शहरे जास्त हे आम्हीच बोटांवर मोजतो. मीही मोजली होती.

याच अंकात कोठे तरी पुढल्या उन्हाळ्यातल्या युरोप-सहलीची जाहिरात असायची. संपादकांनी क्षमा करावी. तेथे चौकशीला जाल तेव्हा किती देश हे विचारू नका. एका गावात सलग किती रात्री, एवढेच विचारा, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा पाहा.