हौस पालकांची, ओझे मुलांवर

लहान मुलीला मोठ्या बाईसारखे भडक, तोकडे कपडे घालून मंचावर उभे करणे, हे पालकांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानायचे का? फ्रान्सने २०१४ मध्ये कायदा करून १३ वर्षांखालील मुलांच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घातली आणि १३ ते १६ वयासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. घरातल्या कपाटाला मात्र कायद्याने हात लावला नाही. ही मर्यादा योग्यच आहे. आपल्याकडेही २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुलांच्या नृत्यस्पर्धांबाबत वाहिन्यांना संयमाची सूचना केली होती.

प्रश्न नीतीपेक्षा आरोग्याचा आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २००७ च्या अहवालाने मुलींच्या अशा लैंगिक सादरीकरणाचा संबंध खाण्याचे विकार, न्यूनगंड आणि नैराश्य यांच्याशी जोडला. सात वर्षांच्या मुलीला टाळ्या कळतात; त्या कशासाठी पडतात, हे कळत नाही. मग ती अभिव्यक्ती तिची कशी?

अत्याचाराचा दोष कपड्यांचा कधीच नसतो, तो गुन्हेगाराचाच. पण मुलीचे शरीर म्हणजे पालकांच्या हौसेचा फलक नव्हे. कपडे घेताना पालकांनी एवढेच पाहावे: हे घालून तिला मनसोक्त धावता, खेळता येईल ना?