वास न येणारा गॅस

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला घरच्यांनी उचलूनच माझ्या दवाखान्यात आणले. आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा बेशुद्ध पडलेली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. माझ्याकडे येईपर्यंत ती शुद्धीवर आली होती, पण डोके ठणकत होते, मळमळत होते. "डॉक्टर, फिट आली," घरचे म्हणाले. मीही तेच धरून चाललो आणि फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभराने त्याच न्हाणीघरात तिच्या आईची तीच गत झाली, तेव्हा माझे डोळे उघडले. भिंतीवर गॅसचा गिझर होता आणि थंडी नको म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला!

सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन. गोबरगॅसमधला मिथेन हा त्यांचाच धाकटा भाऊ. शाळेच्या पुस्तकातले हायड्रोकार्बन ते हेच. मुंबई हायच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले. तेथला नैसर्गिक वायू उरणला येतो आणि त्यातूनही हा स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. मुळात या वायूंना वास नसतो. गळती कळावी म्हणून मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. त्यामुळे आपली समजूत झाली आहे की, वास नाही म्हणजे धोका नाही.

घात होतो तो येथेच. हा गॅस एक भाग जळायला हवेचे पंचवीस-तीस भाग लागतात. भरपूर हवा मिळाली तर ज्योत निळी जळते, कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. बंद न्हाणीघरात हवा कमी पडू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मरकॅप्टन तर ज्योतीत जळून गेलेले असते आणि या नव्या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, पायातले बळ जाते. कडी काढायचेही भान राहत नाही.

माझे स्पष्ट मत आहे की, गॅसच्या गिझरची जागा न्हाणीघरात नाहीच. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. चार फूट पाइप वाचवण्यासाठी आत गिझर बसवणारा कारागीर आणि तसा बसवू देणारा घरमालक, दोघेही जिवाशी खेळतात. तो बाहेर हलेपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा बदलू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे.

कोणी असे बेशुद्ध आढळले तर कांदा शोधू नका. त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. तेथे "घरात गॅसचा गिझर आहे," हे न विचारता सांगा. त्या दिवशी मला ते कोणी सांगितले नाही, हे खरे. पण विचारायला हवे होते ते मीच.