हा आकडा कुणाचा?

मैत्रिणींनो, काही वर्षांपूर्वी आमच्या घुग्घुसच्या बैठकीत मी ठासून सांगत होते, "भारतातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग आहेत." मागे बसलेली एक नवीन मैत्रीण म्हणाली, "ताई, आम्हाला तर कोणी विचारलंच नाही. मग मोजलं कोणी?" बाया हसल्या. मला मात्र उत्तर देता आलं नाही. तो आकडा मी एका पत्रकातून उचलला होता.

शोध घेतला तर आकडा शेजारच्याच जिल्ह्यातला निघाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तक्रार सांगणाऱ्या बाया ५५ टक्के होत्या. तपासल्यावर मात्र ९२ टक्के बायांना एक तरी आजार निघाला. आधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

म्हणजे तो आकडा साऱ्या भारताचा नव्हता, दोन गावांचा होता. त्यामुळे तो लहान होत नाही. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच मानणाऱ्यांना त्याने जागं केलं. तो टिकला, कारण कुठली गावं, किती बाया, काय तपासलं, हे सगळं मांडलेलं होतं. मी त्याचा माग पुसून टाकला आणि खऱ्या आकड्याचीच अर्धवट थाप केली.

माग नसला तर काय होतं, ते त्याच 'लॅन्सेट'ने २०२० मध्ये पाहिलं. २२ मे रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक लेख आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार करोना रुग्णांची माहिती त्यात असल्याचा दावा होता. हे औषध घेणारे रुग्ण जास्त दगावतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. मग शास्त्रज्ञांनी विचारलं, ही रुग्णालयं कोणती? ऑस्ट्रेलियातले जेवढे मृत्यू लेखात दाखवले होते, तेवढे त्या तारखेपर्यंत त्या देशात झालेच नव्हते. 'सर्जिस्फिअर' या कंपनीने मूळ माहिती तपासायला दिली नाही. ४ जूनला लेख मागे घ्यावा लागला. औषध चांगलं की वाईट, हा मुद्दा वेगळाच. आकड्यामागे माणूस दाखवता आला नाही, हा खरा मुद्दा.

हे सगळं मोठ्या डॉक्टरांचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. घुग्घुसला कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे. धुळीने बायांना खोकला लागतो म्हणून आम्ही वस्तीत घरोघर फिरून नोंदी केल्या. मग अक्षर नीट दिसावं म्हणून सगळं नव्या वहीत उतरवलं आणि जुने कागद रद्दीत घातले. अर्ज घेऊन गेलो तर साहेबांनी विचारलं, "मूळ कागद कुठे आहेत? कोणी विचारलं, कोणत्या दिवशी?" आम्ही गप्प. साहेबांना आमचं ऐकायचंच नव्हतं, हे खरं. पण ते न ऐकण्याचं कारण आम्हीच त्यांच्या हाती दिलं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की आकड्याचा माग ठेवणं हे चळवळीचंच काम आहे. प्रत्येक कागदावर तारीख, वस्ती आणि विचारणारीचं नाव हवं. किती घरांत गेलो, किती बाया नाही म्हणाल्या, हेही लिहावं. चुकलं तर खोडरबर नको; एक रेघ मारून बाजूला सही करावी. कच्चे कागद कधीही फेकू नयेत. मात्र माग ठेवायचा म्हणजे बाईला उघडं पाडायचं नाही. कागदावर तिचा फक्त क्रमांक असावा, नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी.

आणि आपल्याकडे विचारायला येणाऱ्यांनाही हाच हिशोब मागावा. आता गावोगाव पाहणी करणारे येतात, रक्त घेतात, मोबाईलमध्ये माहिती भरतात. हे कुठे जाणार? कोण वाचणार? आम्हाला निकाल कधी सांगणार? नको असेल तर नाव काढता येईल का? याची उत्तरं मिळाल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. रक्त आपलं, खोकला आपला, आणि आकडा तेवढा त्यांचा, असं कसं चालेल?

या वर्षी आम्ही खोकल्याच्या नोंदी पुन्हा करणार आहोत. कागद सांभाळायचं काम आम्ही त्या प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीकडेच दिलं आहे.