एका अंगणात दोन कोंबडे कशाला?

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. :) निम्मे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक असूनही लिहितेय, कारण तोंडावर बोललं की विषय हसण्यावारी जातो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात (तोंडात अजून औरंगाबादच येतं) घरामागे जाळी मारून कोंबड्या पाळायची हौस असणारे बरेच भेटतात. "कोंबडे किती?" विचारलं की अभिमानाने उत्तर येतं, "तीन!" आणि कोंबड्या? "पाच."

अहो, इथेच गणित चुकलं. साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, तोही पिल्लं हवी असतील तर. नुसती अंडी खायची असतील तर एकही नको. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालतेच. "नराशिवायच्या अंड्यात ताकद नसते" हे तर मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. फलित असो वा नसो, अंड्याच्या पोषणात फरक पडत नाही. फरक पडतो तो खाद्याने.

हौस आपली, भोगते ती. नर जास्त झाले की त्याच पाच जणींवर पुन्हा पुन्हा चढतात. नखांनी पाठीवरची पिसं जातात, कातडी उघडी पडते, जखमा होतात. मग त्या दाण्याजवळ यायलाही बिचकतात. आणि मालक म्हणतो, "अंडी कमी झाली, खाद्य बदलून बघू!"

बरं, नर तरी सुखी असतात का? जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की पहाटे आधी सगळ्यांत वरचढ कोंबडा आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून. तुम्हाला जी जुगलबंदी वाटते ती खरं तर उतरंड आहे. मोकळ्या रानात हरलेला लांब निघून जातो. दहा बाय बाराच्या जाळीत तो जाणार कुठे? कोपऱ्यात उभा राहून मार खातो.

"पण आपल्या गावाकडे चांगले सात-आठ कोंबडे असायचे!" असायचे ना. आवार मोकळं होतं, आणि पाहुणा आला, जत्रा आली की एकेक कमी होत जायचा. हा हिशोब मात्र आठवणींतून सोयीस्करपणे गळतो. आता कापायला मन होत नाही, फुकट द्यायला मन होत नाही, आणि जागा तर वाढत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्याआधी ठरवा. 21 दिवसांनी पिल्लं निघतील आणि त्यात साधारण निम्मे नर असतील. त्यांचं काय करणार? उत्तर नसेल तर अंडी बसवू नका, ऑम्लेट करा.

दोन नर कधीच जमत नाहीत असं नाही. एकत्र वाढलेले, वीसेक कोंबड्या, भरपूर जागा, आडोसे, आणि वेळ पडली तर वेगळं खुराडं. एवढं असेल त्यांच्याशी माझं भांडण नाही.

बाकीच्यांनी वाद घालायला खुशाल यावं, चहा माझ्याकडून. फक्त येण्याआधी आपल्या कोंबडीची पाठ एकदा बघून या.