आधी मोजा, मग बोला



म्हैस दुधाला कमी झाली असे नुसते वाटले म्हणून आपण तिचा खुराक बदलत नाही. सकाळ-संध्याकाळचे माप बघतो, डेअरीच्या वहीतला मागच्या आठवड्याचा आकडा काढतो, आणि मगच पेंड वाढवायची की डॉक्टर बोलवायचा ते ठरवतो. घरातल्या लेकराच्या बाबतीत मात्र आपण माप विसरतो. "हा सारखा रडतो", "ही कधीच ऐकत नाही", "तो फार मारकुटा झालाय" असे म्हणून मोकळे होतो. तेवढ्यावर पाठीत धपाटा बसतो आणि 'हट्टी' हे नाव पोराला जन्माचे चिकटते.

पण सारखा म्हणजे किती वेळा? दिवसातून तीनदा की तीसदा? हे कुणी मोजलेले नसते.

वागणे मोजून मग त्यावर उपाय करण्याचे एक शास्त्र आहे. त्याला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. त्यातला एक जुना प्रयोग ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत चार-चार वर्षांची दोन मुले वरचेवर रडत असत. बेटी हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांवरचा अभ्यास १९६४ साली छापला. त्यांनी आधी रडणे कशाला म्हणायचे तेच ठरवले. पन्नास फुटांवर ऐकू जाईल इतके मोठे आणि निदान पाच सेकंद टिकलेले, तेच रडणे धरायचे. बाईंनी खिशात मोजणीचे छोटे यंत्र ठेवले. पोर रडले की एकदा दाबायचे. दहा दिवस नुसते मोजले. एक मुलगा सकाळच्या वेळात पाच ते दहा वेळा रडत होता.

मग बाईंनी एकच गोष्ट बदलली. खरेच लागले असेल तर पोराला लगेच जवळ घ्यायचे. पण आपल्याकडे कुणी बघते का, असे पाहून रडत असेल तर तिकडे लक्ष द्यायचे नाही. न रडता तोंडाने सांगितले की मात्र लगेच कौतुक करायचे. पाच दिवसांत रडणे दोनवर, कधी शून्यावर आले. खात्रीसाठी बाईंनी पुन्हा रडण्याकडे लक्ष द्यायला सुरुवात केली, तर रडणे परत वाढले. पुन्हा लक्ष काढले आणि ते थांबले. दोष पोराच्या स्वभावात नव्हता. रडले की लक्ष मिळते, हे ते शिकले होते.

हे काम घरी करायला यंत्र लागत नाही. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असेच काही निवडा. 'आगाऊपणा' मोजता येत नाही, 'धाकट्या बहिणीला हाताने मारले' हे मोजता येते. चटकन होऊन संपणाऱ्या गोष्टीची वेळा मोजा. हरभऱ्याचे दाणे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकले तरी चालेल. रडणे लांबत असेल तर घड्याळात मिनिटे बघा. 'ऊठ' म्हटल्यावर उठायला किती वेळ लागतो, तोही आकडाच आहे.

आठ दिवस काही न बदलता लिहा. वहीत तीन रकाने पाडा: आधी काय झाले, पोराने काय केले, नंतर आपण काय केले. समजा, आईने धाकट्याला मांडीवर घेतले, थोरला रडला, आजीने त्याच्या हातावर गूळ ठेवला. असे आठातून सहा वेळा निघाले, तर कारण वहीतच सापडले. मग रडण्याआधीच थोरल्याला जवळ घ्या, आणि तोंडाने मागितले की लगेच ऐका. एका वेळी एकच बदल करा आणि मोजणी चालू ठेवा. पहिले काही दिवस रडणे वाढेलही, घाबरू नका. मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच रीतीने वागले पाहिजे.

एखाद्या दिवशी दोघांनी वेगवेगळे मोजून पाहा. सुनेचे दहा आणि सासूबाईंचे आठ आले, तर शंभरात ऐंशी जुळले, तेवढे चालते. दहा आणि चार आले, तर आधी दोघींनी बसून काय मोजायचे ते नीट ठरवावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

काही ठिकाणी मात्र मोजत बसू नये. पोर डोके आपटून घेत असेल, बोलता बोलता बोलणे विसरले असेल, हाकेला बघत नसेल किंवा वागणे एकाएकी बदलले असेल, तर अंगणवाडीताईंना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. कान दुखत असेल, पोटात जंत असतील, नाहीतर त्याच्या वाढीत काही अडचण असेल. तुमची वही सोबत न्या. "सारखे करतो" यापेक्षा "आठ दिवसांत चौदा वेळा, बहुतेक जेवणाआधी" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.

आणि ही वही पोराला घाबरवण्यासाठी नाही. ती पाहुण्यांसमोर वाचून दाखवू नका. मारण्याचे आकडे जसे लिहाल, तसे बहिणीला खेळायला घेतले त्याचेही लिहा. पुष्कळ घरांत हा दुसरा आकडाच मोठा निघेल.