चंद्रपूर ते मुंबई ५१ मिनिटांत? कॅल्क्युलेटर काय मोजत नाही

'चंद्रपूर ते मुंबई विमानाने किती वेळ?' असं सर्च केलं की हवाई अंतर मोजणाऱ्या साइट्स झटकन उत्तर देतात. ते येतं कसं?

चंद्रपूरजवळ मोरवा इथे एक छोटी धावपट्टी आहे. तिचे आणि मुंबई विमानतळाचे अक्षांश-रेखांश हॅव्हरसाइन सूत्रात टाकले, की पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर मिळतं. मी काढून बघितलं, सुमारे ६७५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने भागलं की ५१ मिनिटं. गणित बरोबर आहे. पण मोरव्याहून मुंबईला प्रवासी विमान जातच नाही! सूत्राला फक्त दोन बिंदू लागतात, तिथून विमान उडतं का हे ते विचारत नाही.

म्हणजे आधी नागपूर गाठायचं. गंमत अशी की नागपूर-मुंबई हवाई अंतरही जवळपास तेवढंच, सुमारे ६८५ किलोमीटर. तरी वेळापत्रकात ही फ्लाइट साधारण दीड तासाची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, मुंबईच्या आकाशात आपला नंबर लागेपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

आता घरापासून मोजा. चंद्रपूर-नागपूर रस्ता सुमारे १५० किलोमीटर, धरा तीन तास. विमानतळावर दोन तास आधी. मग दीड तास फ्लाइट. झाले साडेसहा तास!

गडचिरोलीच्या टोकाला हिशोब आणखी बदलतो. भामरागडहून आधी जंगलातला लांब रस्ता कापायचा, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. सिरोंच्याहून तर सरळ रेषेत नागपूर विमानतळ सुमारे २६५ किलोमीटर, हैदराबादचा सुमारे २४०. दुसऱ्या राज्यातला विमानतळ जवळचा!

राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्ती इथे नव्या विमानतळाचा प्रस्ताव आहे, आणि तो वनजमीन व वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नात अडकला. तो झाला आणि मुंबईची सेवा मिळाली, तर चंद्रपूर-राजुरा पट्ट्याचे दोन-अडीच तास नक्की वाचतील. पण भामरागडच्या माणसाचा पहिला टप्पा तेव्हाही रस्त्याचा आणि पुलाचाच असेल.

आम्ही मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा प्रत्येक टप्प्याला 'वजन' देतो. किलोमीटरचं वजन दिलं की विमानतळ हेच उत्तर वाटतं. मिनिटांचं दिलं, आणि पावसाळ्यातली मिनिटं धरली, की अडलेला टप्पा कुठे आहे ते दिसतं. वनजमिनीच्या बदल्यात कोणाचे किती तास वाचणार, हे गावागणिक मोजून मांडायला हवं. त्यासाठी लागणारं गणित अवघड नाही. सुरुवात धावपट्टीपासून न करता घराच्या दारापासून करायची, एवढंच.