ठासणीच्या बंदुकीला कारागीर हवा

डोंगरउतारावरची नागली-वरई निसवली, की पेठ तालुक्यातल्या शेतकऱ्याला रात्र रानडुकरांच्या धाकात काढावी लागते. राखणीच्या साधनांत ठासणीची बंदूक कायद्याला मान्य आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. मात्र याच कायद्याचे कलम ५ बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना सक्तीचा करते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. नियम कडक असावा हे मला मान्य आहे. पण घोडा सैल झाला तर डोंगरातल्या माणसाने जायचे कुठे? ज्या सरकारने बंदूक बाळगायचा परवाना दिला, त्यानेच परवानाधारक कारागीर त्याच्या आवाक्यात आणला पाहिजे.

ही बंदूक दिसायला साधी, पण तिची निगा साधी नाही. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू जळल्यावर नळीत जी काजळी उरते, ती हवेतला ओलावा धरते. पेठसारख्या पावसाळी मुलखात ती धुतली गेली नाही तर लोखंड आतून खाल्ले जाते. टोपीखालचे बारीक छिद्र बुजले, की ठिणगी दारूपर्यंत पोचत नाही किंवा उशिरा पोचते. बार फुसका गेला असे समजून माणूस नळीत डोकावतो, नाहीतर त्याच दारूवर दुसरा बार ठासतो. गंजून पातळ झालेली नळी दुहेरी बार सोसत नाही. ती हातातच फुटते. निवडणुकीत ज्यांना शस्त्र जमा करायला सांगतात, त्यांची अडचण आणखी वेगळी. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, ऐन कापणीच्या तोंडावर लागली. आठवडेच्या आठवडे तेलाविना पडून राहिलेली बंदूक परत आल्यावर आतून किती खाल्ली आहे, हे बाहेरून कळत नाही. त्याला जाणकारच लागतो.

गावचा लोहार हे करील, असे म्हटले जाते. विळ्या-कोयत्याला पाणी देणारा तो हात कसबी असतो, यात शंका नाही. पण कोंडलेला दाब सोसणाऱ्या नळीची पारख वेगळी, आणि शेजारधर्म म्हणून घोडा बसवून देणाऱ्यावर तुरुंगाची वेळ यावी हे अन्यायाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: बंदुका नीट झाल्या तर शिकार वाढेल. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा शिकारीला मनाई करतो आणि ती मनाई राहिलीच पाहिजे; पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. पण परवानगी मिळाल्यावर बिघडलेल्या बंदुकीने जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरते आणि सकाळी सरपणाला गेलेल्या बाईवर उलटते. शिवाय परवानाधारक कारागिराकडे आलेल्या बंदुकीची नोंद राहते, चोरून दुरुस्त झालेलीची राहत नाही. नुकसानभरपाई मिळते हे खरे, पण पंचनाम्याने कणगी भरत नाही.

म्हणून नाशिक जिल्हा प्रशासनाने पावसाळा सरताना पेठला एक दिवस तपासणीसाठी ठेवावा. पोलिसांकडे शस्त्रांची निगा राखणारे आर्मरर असतात. त्यांच्यासोबत परवानाधारक कारागीर बसवावा, नळ्या पाहाव्यात, झिजलेले भाग बदलावेत, धोक्याची बंदूक तिथेच बाजूला काढावी. दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याने द्यावा. घाट चढून नाशिकच्या दोन खेपा आणि बुडालेली मजुरी वाचली, तर तो त्याला जड जाणार नाही.